चौकटीतलं तुमचं वाक्य

कामठे काका,

तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले. तुम्ही गेलात त्याच दिवशी कंपनीच्या ग्रुपवर तुमचा फोटो टाकून मी चार ओळी लिहिल्या. मनमिळाऊ, अनुभवी, सर्वांचे मार्गदर्शक, कंपनीची न भरून येणारी हानी. तुम्ही त्या वाचल्या असत्यात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "मॅडम, हे कोन गेलं म्हनायचं?" मनमिळाऊ तर तुम्ही नव्हतातच. मार्केट यार्डातले अडते तुमच्यासमोर पोतं उघडताना आधी घाम पुसायचे. मला पहिल्या दिवशी तुम्ही बसायला एक पोतं दाखवलंत, ते मिरचीचं होतं, आणि अर्ध्या तासाने मी उठले तेव्हा तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "खुर्ची मागितली असती तर दिली असती की."

त्या चार ओळींत एक ओळ नव्हती. ती इथे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं मला सरळ लिहिता येईल. तुमचं ते वाक्य साहेबांपर्यंत काट्यावरच्या राऊतांनी नेलं नाही. मी नेलं.

हे तुम्हाला सांगायला माझ्याकडे जवळजवळ दोन वर्षं होती. रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, रविवार सोडून. वेळ मिळाला नाही असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

तुम्हाला भेटले तेव्हा मी सल्लागार कंपनीत सगळ्यात खालच्या पायरीवर होते. बाणेरला काचेचं ऑफिस, गळ्यात कार्ड, आणि काम म्हणजे मोठे लोक जे बोलणार ते स्लाइडवर नीट बसवून देणं. तुमच्या मसाल्याच्या कंपनीने आम्हाला सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. मिरचीच्या खरेदीत नियम एक आणि प्रत्यक्षात दुसरं का होतं, ते शोधायचं होतं. गुलटेकडीच्या गोडाऊनमध्ये मला पाठवलं, कारण तिथे पाच मिनिटांत शिंका सुरू होतात आणि शिंकायला सीनियर लोकांना वेळ नसतो.

मी वही घेऊन तुमच्यामागे हिंडायचे. येणारा मिरचीचा प्रत्येक लॉट घ्यायचा की परत लावायचा, हे तुम्ही एकटे ठरवायचात. पोत्याच्या पोटातून मूठभर मिरची काढायची, एक कानाशी धरून हलवायची, देठ मोडायचा, मग साल बोटांत चुरून बघायची. वजनकाट्यावर राऊत बसलेले असायचे. तुम्ही मान हलवलीत की ते नोंद करायचे, तुम्ही मान नाही हलवलीत तरी त्यांना कळायचं. तुम्ही इथल्याच मातीतले, तुमचं गाव महापालिकेत आलं आणि शेतात सोसायट्या उभ्या राहिल्या तरी तुम्ही नोकरी सोडली नव्हतीत. राऊत यवतमाळकडून पोट भरायला आलेले. बावीस वर्षं एका काट्यापाशी काढल्यावर तुमच्या डब्यांचीसुद्धा वाटणी झाली होती. भाकरी तुमच्या घरची, भाजी त्यांच्या घरची. दोन्ही घरच्या बायकांना हे माहीत होतं आणि त्या त्याच हिशेबाने डबे भरायच्या.

एक दिवस राऊत रजेवर होते आणि तुम्ही मला गोडाऊनच्या गच्चीवर नेलंत. तिथे ताडपत्रीवर चार पोती मिरची पसरलेली होती. मी नियमावली पाठ करून आले होते.

"काका, ओला माल त्याच दिवशी परत पाठवायचा असा नियम आहे ना?"

"हाय की."

"मग हे?"

तुम्ही माझ्याकडे नाही, वहीकडे बघितलंत. "हे लिवनार हाय का तुमी, ताई?"

"तुमचं नाव कुठेही येणार नाही. शब्द देते."

"मग आयका," म्हणत तुम्ही उकिडवे बसलात आणि एक मिरची माझ्या हातात दिलीत. "ह्यो दवाचा ओलावा हाय. टेम्पोची ताडपत्री फाटलेली, वरनं दव बसलं. साल ओली हाय, पन आत बी खुळखुळतंय, कानाला लावा. दोन दिवस ऊन दावलं की झालं. पानी मारलेली मिरची येगळी. वजन वाढवाया मारत्यात. ती आतनं गिळगिळीत लागती. तसला टेम्पो मी सोता वळवून लावतो, मग माजा सख्खा भाऊ का असंना. पन दवानं ओलं आलं म्हनून परत लावलं, तर तो मानूस परत येत न्हाय. दुसऱ्याकडं जातो, आन् पुढल्या साली त्याचा चांगला माल बी तिकडंच जातो."

मी सगळं उतरवून घेतलं. अगदी 'न्हाय' आणि 'आन्' सकट, कारण मला तुमचं बोलणं आवडलं होतं. काका, हे खरं आहे, त्या गच्चीवर मला तुम्ही फार आवडला होतात.

आमच्या धंद्याची एक रीत आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसणार. आम्ही कामगारांशी, कारकुनांशी, ड्रायव्हरांशी बोलतो, आणि त्यांतली एकदोन चटकदार वाक्यं उचलून स्लाइडवर चौकटीत टाकतो. नाव घालायचं नाही. खाली बारीक अक्षरांत 'एक कर्मचारी' एवढंच. मालकलोकांना आकडे बघून कंटाळा आला की ते ती चौकट वाचतात आणि त्यांना वाटतं की या लोकांनी आपली कंपनी आतून बघितली. आमच्या सादरीकरणाच्या आदल्या दुपारी सीनियर म्हणाला, "ही स्लाइड मेलेली आहे. याला एखादं बोलकं वाक्य नाही का?" माझ्याकडे होतं. मी उत्साहाने वही उघडली.

तुमचं पूर्ण बोलणं चौकटीत मावत नव्हतं. दोन ओळींची जागा होती. दव गेलं, पाणी मारलेली मिरची गेली, सख्ख्या भावाचा टेम्पो गेला. उरलं ते एवढंच: 'ओलं आलं म्हणून परत लावलं, तर तो माणूस परत येत नाही.' वर ठळक मथळा, 'प्रोसेस डिसिप्लिनचा अभाव'. तुम्ही ओळखू येऊ नये म्हणून मी 'न्हाय'चं 'नाही' केलं. एवढी काळजी मी घेतली. त्या कंपनीत मिरची घेणारा माणूस एकच आहे, हे मला माहीत होतं, पण ते मनात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि मी बाजूला सारलं असेल. आता मला नक्की सांगता येत नाही.

सादरीकरणात तुमच्या कंपनीच्या साहेबांनी ती चौकट वाचली आणि ते हसले. "हा तर आपला कामठे." टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले. गाडीत बसल्यावर सीनियर म्हणाला की आजची मीटिंग त्या एका स्लाइडने जिंकली. त्या संध्याकाळी कोथरूडला घरी जाताना मी आईसाठी आंबा बर्फी घेतली, इतका मला आनंद झाला होता.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला मिरचीवरून काढलं. ओलावा मोजायचं यंत्र आलं आणि ते चालवायला नवा माणूस आला. तुम्हाला रिकामी पोती मोजून गठ्ठे बांधायला बसवलं. हे मला तेव्हा कळलंही नाही. आम्ही तोवर दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या चौकटी भरत होतो. सल्लागाराचं हे मोठं सुख असतं. शिफारस लिहायची, हात मिळवायचे आणि निघायचं.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मी एक नवं पद सुचवलं होतं, मॅनेजर, खरेदी आणि गुणवत्ता. प्रत्येक शिफारशीपुढे 'जबाबदारी' असा रकाना होता आणि त्यात मी सगळीकडे तेच पद भरून ठेवलं होतं. चार महिन्यांनी साहेबांचा फोन आला. "जागा तुम्हीच काढलीत, आता तुम्हीच या." मी आईला, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगितलं की मला आता सल्ले द्यायचे नाहीत, काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवायचं आहे. ते खोटं नव्हतं. पण कार्डावर मॅनेजर लिहिलेलं असणार आणि दर सोमवारी पहाटे विमानतळावर पळावं लागणार नाही, हेही त्यात होतंच.

पहिल्या दिवशी तुम्ही मला ओळखलंत आणि तुमचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून 'ताई'चं 'मॅडम' झालं. मी दोनदा म्हणाले, ताईच म्हणा. तुम्ही म्हणालात, "आता तुमी आमच्या साहेब. रीतीनं असावं." दुपारी मी डबा घेऊन खाली आले तर तुम्ही दाराशी गठ्ठ्यांवर बसून एकटे जेवत होतात. राऊत आत काट्यापाशी, पाठ करून. तुमच्या डब्यात भाकरी आणि भाजी दोन्ही होत्या. मला वाटलं काहीतरी किरकोळ झालं असेल.

"राऊतकाकांशी भांडण झालं का?"

"भांडान न्हाय. बोलत न्हाय आमी."

मग तुम्ही सांगितलंत. साहेबांनी केबिनीत बोलावून पडद्यावर तुमचंच वाक्य तुम्हाला दाखवलं होतं. "असं वाक्य मी कुटं बोलतो? गच्चीवर. गच्चीवर माज्यासंगं कोन असतंय? राऊत."

"अजून कुणी असेल," मी म्हणाले.

"तुमी हुता की एक दिवस." आणि तुम्ही चक्क हसलात. "पन तुमी शब्द दिला हुता. शिकली-सवरलेली मानसं तुमी, कशाला सांगाल? ह्यो तर माज्याच डब्यातली भाकरी खात हुता."

मी म्हणाले, "हं."

काका, माझ्या सगळ्या लबाडीचा आकार एवढाच आहे. एक 'हं'. मी खोटं बोलले नाही. तुमचं नाव कुठेही आलं नव्हतं, म्हणजे शब्दही मोडला नव्हता. वकिलाला दाखवला असता तर माझा कागद स्वच्छ निघाला असता. पण त्या दुपारी मी तुमच्यासमोर बसून पोळी-भाजी खाल्ली, आणि आत एक माणूस पाठ करून जेवत होता, ज्याने काहीच केलं नव्हतं.

का गप्प बसले, ते तुम्हाला सांगायला हवं. मला भीती वाटली. माझ्या हाताखाली अकरा माणसं होती, सगळी माझ्यापेक्षा मोठी, आणि पहिल्याच दिवशी 'हिला काही सांगायची सोय नाही' असं झालं असतं तर मी तिथे टिकले नसते. मी ठरवलं, आधी पाय रोवू, मग सांगू. महिनाभरात सांगू. मग तुम्ही मला शिकवायला लागलात आणि सांगणं आणखी अवघड झालं.

कारण तुम्ही मनापासून शिकवलंत. पोती बांधायचं काम संपवून तुम्ही माझ्यासाठी मार्केट यार्डात यायचात, आणि तेही असं दाखवून की तुम्हाला तिकडेच काम होतं. एकाच पोत्यातल्या तीन मिरच्या माझ्या हातात देऊन विचारायचात, "ह्यातली लबाड कोनची?" मी चुकले की तुम्ही सरळ पुढच्या दुकानाकडे चालायला लागायचात. अडत्यांसमोर मात्र म्हणायचात, "आमच्या मॅडमना फसवायला जाऊ नका, त्यांचा कान तयार हाय." तेव्हा माझा कान अजिबात तयार नव्हता. आज आहे. परवा एक लॉट मी कानाशी हलवून परत लावला, यंत्राने पास केलेला, आणि फोडून बघितला तर आत पाणी होतं. ते तुमचं आहे. आभार मानायला तुमच्यासमोर येऊन उभं राहायचा माझा हक्क नाही, पण आभार आहेत, ते खरे आहेत.

मी माझ्या पद्धतीने भरपाई करायला गेले. साहेबांशी दोन महिने वाद घालून नवा नियम करून घेतला. दवाने ओला झालेला माल अटीवर घ्यायचा, गच्चीवर सुकवायचा, दोन दिवसांनी पुन्हा तपासायचा, आणि हे ठरवणार कामठे. म्हणजे तुमचं काम मी तुम्हाला परत दिलं. कागदावर घातलं, सही-शिक्क्यासकट. मला वाटलं, फिटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गावातल्या उरलेल्या दोन झाडांचे पेरू पिशवीभर घेऊन आलात. टेबलावर पिशवी ठेवलीत आणि उभ्याउभ्याच म्हणालात, "मॅडम, बावीस वर्सांचा दोस्त मागनं सुरी मारून गेला, आन् तुमी कोन कुठल्या, तुमी मला उभं केलं."

तेव्हा दार बंद होतं. खोलीत आपण दोघंच होतो. याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी विचारलं, "पुरंदरची गाडी आली का?" तुम्ही म्हणालात, बघतो, आणि गेलात. ते पेरू मी घरी नेले. आईने कापून मीठ लावून दिले आणि मी एकही फोड खाल्ली नाही.

तुम्हा दोघांना एकत्र आणायची एक युक्तीही मी केली, अगदी सल्लागाराला शोभेल अशी. टीम लंच. सगळ्यांनी एकत्र पंगतीत बसायचं, मिसळ मागवली होती, आणि तुमची पानं मी मुद्दाम शेजारी मांडली. तुम्ही आलात, पान बघितलंत आणि म्हणालात, "मला आज चतुर्थी हाय." आणि बाहेर जाऊन गठ्ठ्यांवर बसलात. राऊत खाली मान घालून हळूच मला म्हणाले, "आज षष्ठी आहे, मॅडम." मग त्यांनीही पाव नुसता मोडून ठेवला. मी सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते.

आपली भांडणं तशी दुसरीच व्हायची. यंत्रावरून. मी म्हणायचे, काका, बुरशी डोळ्याला दिसत नाही, यंत्र पाहिजेच. तुम्ही म्हणायचात, यंत्र ओलावा सांगतं, तो कुठनं आला ते सांगत न्हाय. दोघंही बरोबर होतो, म्हणून ते भांडण संपेना. शेवटी मी तुमची सगळी रीत लिहून काढायला घेतली, तपासणीचा तक्ता करून. कान, देठ, साल, बी, सगळ्याला रकाने. शुक्रवारी तुम्ही तो तक्ता चष्मा लावून दोनदा वाचलात आणि म्हणालात, "बरा हाय. एक रकाना कमी हाय."

"कोणता?"

"तुमी हुडका. सोमवारी सांगतो."

सोमवारी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. तो रकाना कोणता होता ते मला अजून सापडलेलं नाही. तक्ता तसाच चालू आहे.

दहाव्याला आम्ही सगळे तुमच्या घरी आलो. तुमच्या जुन्या घराला आता चारी बाजूंनी बारा मजली इमारती आहेत, दुपारी दोनलाच अंगण सावलीत जातं. मी आत काकूंजवळ बसले होते. कुणीतरी येऊन सांगितलं की राऊत आलेत. काकूंनी डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "त्याला म्हनावं, भायेरनंच नमस्कार कर. माज्या मानसाला दोन वर्सं आतनं खाल्लं त्यानं." राऊत फाटकाबाहेर उभे होते, हातात हार होता. निरोप ऐकून त्यांनी तो हार फाटकाच्या लोखंडावर ठेवला आणि गेले. मी काकूंच्या शेजारी बसून हे सगळं खिडकीतून बघत होते. माझा हात त्यांच्या पाठीवर होता. काकूंनी मला सांगितलं होतं की तुम्ही घरी माझं फार कौतुक करायचात.

त्यानंतर मात्र मला डबा जाईना. मी सहा दिवस ढकलले. गेल्या मंगळवारी दुपारी मी डबा न घेताच खाली गेले आणि काट्यापाशी राऊतांसमोर बसले.

"राऊतकाका, ते वाक्य मी रिपोर्टमध्ये घातलं होतं."

"कोणतं वाक्य?"

काका, त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत, नुसतं बोलणं टाकलंत. त्यांनीही मानापायी विचारलं नाही. मला गच्चीपासून सगळं सांगावं लागलं, चौकट, साहेबांचं हसणं, तुमची पोती, माझा 'हं'. बोलता बोलता मी रडायला लागले होते, आणि मला माझाच राग येत होता, कारण रडायची पाळी त्यांची होती. त्यांनी हातातला पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"म्हणजे त्याले वाटलं, मी सांगितलं."

"हो."

"आणि तुम्हाले माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

राऊत म्हणाले, "दोन वर्षं मी आठवत बसलो, मॅडम. त्याच्या पोरीच्या लग्नात माझ्याकडून काही कमीजास्त झालं का. थट्टेत काही बोललो का. एकदा मी घरी बायकोले विचारलं, तू वहिनीले काही बोलली का. ती तीन दिवस जेवली नाही धड. तुम्ही खात्याचं चांगलं केलं, तसं नाही म्हणत मी. दत्ताही म्हणत असन." तुम्हाला दत्ता म्हणणारे ते एकटेच. आणि मग स्वतःशीच, "मले कसा म्हणन तो. आम्ही बोलत कुठे होतो."

मी माफी मागितली. त्यांनी हात वर केला, नको म्हणून. "माझी कायले मागता. त्याची मागायची होती. आता वहिनीले सांगा. त्या घरात मी अजून चुगलखोर आहे."

म्हणून काल, रविवारी, आम्ही तुमच्या घरी गेलो. मी गाडीवरून, राऊत बसने. त्यांना मी गाडीवर चला म्हणाले होते, ते नको म्हणाले. ते फाटकाबाहेर उन्हात थांबले आणि मी आत गेले. काकूंनी पाणी दिलं, तोंडभर "या मॅडम" म्हणाल्या. मी ग्लास खाली ठेवला आणि सांगितलं. या वेळी रडले नाही, तेवढं तरी जमलं. संपल्यावर काकूंनी एकच विचारलं.

"ह्यांना कळलं हुतं का हे?"

"नाही."

"शेवटपत्तुर?"

"शेवटपर्यंत नाही."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक ते ओळखूनच त्यांनी दिल्या नाहीत. पदर सावरून उठल्या, अंगणात गेल्या, फाटकाची कडी स्वतः काढली. "भावजी, आत या. उनात नका उभं राहू." राऊत चपला काढून आत आले. माझ्याजवळून गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकूंनीही नाही. मी उठले. बसा असं कुणी म्हणालं नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

बाहेर पायरीवर मी सँडल घालत होते तेव्हा आतून राऊतांचा आवाज आला. मला वाटलं ते काकूंशी बोलताहेत. पण ते तुमच्याशी बोलत होते, तुमच्या फोटोसमोर बसून. नातू चालायला लागला. गुडघा दुखतो. काट्याचं बटण बदललं, नवीन दर वेळी अडकतं. अबे दत्ता, एकदा तरी विचारायचं होतं. दोन वर्षांचं सगळं एकदम येत होतं, मागचं पुढचं होत होतं. मी गाडी सुरू करेपर्यंत ते बोलतच होते आणि तुम्ही गप्प होतात. या वेळी तुमच्या गप्प असण्यात राग नाही, एवढं राऊतांना आता माहीत आहे. राऊतांनी काहीच केलं नव्हतं, हे तुम्हाला मात्र मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.